घटोत्कचाखाली गाडलेला हत्ती

तो फोटो तुम्हीही पाहिलेला असणार. खोदलेला मोठा खड्डा, खड्ड्यात माणसाचा सांगाडा, आणि सांगाडा एवढा प्रचंड की शेजारी काम करणारा माणूस बाहुलीसारखा दिसतो. खाली मजकूर: उत्तर भारतात उत्खननात घटोत्कचाचा सांगाडा सापडला, लष्कराने तो भाग बंद केलाय, बातमी दाबली जातेय, पुढे पाठवा.

गेल्या दिवाळीच्या आधी हा फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर आला. पाठवणारे नाना, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. शिंदखेड्याला असतात, कापूस लावतात, एकादशी चुकवत नाहीत, आणि पहाटे पाचला ग्रुपवर पहिलं 'राम कृष्ण हरी' त्यांचंच असतं. मी पुण्यात ऑफिसात होतो. बिल्ड चालू होता, हाताला काम नव्हतं. फोटो उलटा शोधला, लिंक काढली आणि ग्रुपवर लिहिलं, "नाना, हा फोटो खोटा आहे."

पुढचे दोन दिवस 'राम कृष्ण हरी' आलं नाही. तिसऱ्या दिवशी ताईचा फोन. "लई शिकलास ना तू? सगळ्यांसमोर नानांना खोटं पाडलंस. त्यांना एकट्यांना फोन करून सांगता नसतं आलं?"

ताईचं बरोबर होतं. पण फोटोच्या बाबतीत माझंही बरोबर होतं, आणि तरीही माझं काहीतरी चुकलं होतं. ते काय, हे कळायला मला ती लिंक पुन्हा नीट वाचावी लागली. पहिल्यांदा मी ती फक्त जिंकण्यासाठी वाचली होती.

गोष्ट अशी आहे. २००२ साली इंटरनेटवर फोटो बेमालूम बदलण्याची एक स्पर्धा झाली. 'आयर्नकाइट' या टोपणनावाच्या कलाकाराने त्यात हे चित्र दिलं. तो कुणाला फसवत नव्हता, स्पर्धाच तशी होती. मग ते चित्र सुटलं ते सुटलंच. कुठे ते अरबस्तानातल्या राक्षसाचं झालं, आपल्याकडे घटोत्कचाचं. २००७ साली मुंबईतून निघणाऱ्या एका मासिकाने ते खरं म्हणून छापलं आणि नंतर चूक कबूल केली. पण मी पहिल्यांदा जे वाक्य नजरेने ओलांडून गेलो होतो ते हे: मूळ फोटो खरा आहे. तो २००० साली न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क या गावी झालेल्या उत्खननाचा आहे, आणि तिथे मॅस्टोडॉनचा सांगाडा निघाला होता. मॅस्टोडॉन म्हणजे हत्तीचा दूरचा भाऊबंद. आता कायमचा नाहीसा झालेला.

म्हणजे त्या खड्ड्यात खरोखर एक अवाढव्य जीव होता. आणि जगभरच्या कोट्यवधी लोकांनी त्याच्याकडे बघितलंच नाही, कारण त्याच्यावर माणूस चिकटवलेला होता. नानांना मी 'हे खोटं आहे' एवढं सांगितलं. खाली खरं काय आहे, ते सांगितलंच नाही. या लेखात मला भांडायचंय ते यावर. खरा प्राणी झाकून त्यावर खोटा पूर्वज चिकटवण्याची आपल्याला एवढी हौस का?

आणि हो, मी धुतल्या तांदळाचा नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना हाच फोटो मी स्वतः तीन ग्रुपवर टाकला होता. वर 'प्राउड' असं लिहून.

दिवाळीला घरी गेलो. ताईचा मुलगा सहावीत आहे. त्याला 'आइस एज' सिनेमातला तो बोबडा, लांब हाताचा सिड तोंडपाठ आहे, आणि सिड हा स्लॉथ आहे हेही माहीत आहे. स्लॉथ म्हणजे दक्षिण अमेरिकेतला झाडाला उलटा लटकणारा तो संथ प्राणी. पण भाच्याने मला पुढचं ऐकवलं. एके काळी तिथे जमिनीवर चालणारे स्लॉथ होते, त्यातला मेगाथेरियम हत्तीएवढा होता, मागच्या पायांवर उभा राहून झाडाचा शेंडा ओढायचा. सगळं यूट्यूबवरून. सगळं बरोबर.

मीही थोडी भर घातली. १७८७ साली आत्ताच्या अर्जेंटिनात लुहान नदीच्या काठी ही हाडं निघाली आणि जहाजातून माद्रिदला गेली. स्पेनचा राजा तिसरा कार्लोस ती बघून एवढा खूश झाला की त्याने हुकूम सोडला: असाच एक जिवंत पकडून पाठवा, लहान असला तरी चालेल, नाहीच जमलं तर पेंढा भरून पाठवा. निदान दहा हजार वर्षांपूर्वी संपलेला प्राणी राजा पार्सल मागवत होता. प्राण्याची अख्खी जात संपू शकते, ही कल्पनाच तेव्हा लोकांच्या डोक्यात नव्हती. १७९६ साली पॅरिसच्या जॉर्ज कुव्हिएने नुसती चित्रं पाहून ओळखलं की हा स्लॉथचा नातेवाईक आहे, आणि त्याला मेगाथेरियम हे नाव दिलं. तो सांगाडा आजही माद्रिदच्या संग्रहालयात उभा आहे.

भाचा हसून लोळला. मग त्याने विचारलं, "मामा, आपला आठे काय व्हतं?"

मी इंजिनिअर. मी लगेच उत्तर दिलं. म्हटलं, आपल्याकडे सगळा काळा दगड आहे, ज्वालामुखीचा. लाव्हारसात काही टिकत नाही. आपल्याकडे काही नव्हतं.

असं उत्तर देणारा मी एकटा नाही. माझ्यासोबत शिकलेल्या दहापैकी नऊ जण हेच सांगतील. आणि ते चूक आहे. काळा दगड सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यानंतर नद्या वाहिल्या, त्यांनी गाळ आणला, खडी आणली, आणि त्या खडीत जनावरं गाडली गेली. खडक जुना म्हणून त्याच्या अंगावर नंतर काही घडलंच नाही, असं मी दहावीच्या भूगोलापासून धरून चाललो होतो.

त्या रात्री मी शोधत बसलो आणि मला आपल्याच खानदेशात पाटणे सापडलं. जळगाव जिल्हा, चाळीसगाव तालुका. पाटणादेवीचं पाटणे. पितळखोऱ्याची लेणी तिथून जवळ. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख तिथलाच. या दोन गोष्टी मला माहीत होत्या, तुम्हालाही असतील. तिसरी माहीत नव्हती. १९७२-७३ च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या एस. ए. साळी यांनी तिथे खोदकाम केलं. थरावर थर निघाले, अश्मयुगातल्या माणसांच्या दगडी हत्यारांचे. आणि एका थरात निघाली शहामृगाच्या अंड्याची टरफलं. नुसती टरफलं नाहीत, टरफलाचे मणी. आणि एक तुकडा असा, ज्यावर कुणीतरी बारीक अणकुचीदार दगडाने रेघा कोरल्या होत्या: समांतर रेषा आणि त्यांच्या मधल्या पट्टीत एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी. टरफलाचा काळ काढला गेला तो सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा.

पंचवीस हजार वर्षं. चाळीसगाव तालुक्यात शहामृग. आणि त्याच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा हातात धरून, डोळे बारीक करून नक्षी काढणारा, किंवा काढणारी, कुणीतरी.

मणी करायचा म्हणजे टरफलाचा तुकडा कडेने टिचवून गोल करायचा, मधोमध गारगोटीच्या टोकाने भोक पाडायचं, मग कडा दगडावर घासून गुळगुळीत करायच्या. टरफल दोनेक मिलिमीटर जाड. जोर जास्त झाला की फुटतं. ज्यांनी कधी पेनड्राइव्हएवढ्या सर्किटवर डाग दिला असेल त्यांना ही चिडचिड कळेल.

कुणी म्हणेल, टरफलं लांबून आणली असतील. शहामृग आफ्रिकेचा. पण अशी टरफलं भारतात पुष्कळ ठिकाणी मिळाली आहेत, भीमबेटकाच्या परिसरातही. २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबीतल्या आणि इतर संस्थांमधल्या संशोधकांनी राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या जुन्या टरफलातून डीएनए काढला, आणि तो आफ्रिकेतल्या शहामृगाच्या कुळाचाच निघाला. २०२४ मध्ये आंध्रच्या प्रकाशम जिल्ह्यात शहामृगाचं घरटंच सापडल्याचं बडोद्याच्या संशोधकांनी जाहीर केलं, सुमारे ४१,००० वर्षांपूर्वीचं. घरटं कुणी आफ्रिकेतून आणत नाही.

इथे एक गोष्ट मला फार लागली. शहामृग या शब्दात हरीण नाही. त्यातला मृग म्हणजे फारसीतला मुर्ग, पक्षी. म्हणजे आपल्याकडे हजारो वर्षं राहिलेल्या पक्ष्याला आपण परक्या भाषेतून आलेल्या नावाने ओळखतो. पाटण्याच्या त्या माणसांकडे त्याच्यासाठी एक शब्द असणारच. पोरं दुरून पक्षी दिसला की तो शब्द ओरडत असतील. पक्षी गेला, शब्द गेला, आणि हजारो वर्षांनी दुसऱ्याच दाराने नवा शब्द आला.

हत्तींचंही असंच. आपल्या सातपुड्याच्या पलीकडे नर्मदेच्या खोऱ्यात जे हाडांचे ढिगारे मिळाले त्यातल्या एका हत्तीला तज्ज्ञांनी १८४० च्या दशकात नर्मदेवरूनच नाव दिलं. पॅलिओलोक्सोडॉन नामाडिकस. जमिनीवर आजवर चाललेल्या सर्वांत मोठ्या सस्तन प्राण्यांत त्याची गणना होते. आजचा हत्ती त्याच्याशेजारी वासरू वाटेल. तो नर्मदेपुरता नव्हता. १९०५ साली गाय पिलग्रिम या भूशास्त्रज्ञाने गोदावरीच्या गाळात सापडलेल्या याच हत्तीवर लेख लिहिला. जागा नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर, जिथे आता लोक फ्लेमिंगो बघायला जातात. मांजरेच्या खोऱ्यातून हत्ती, पाणघोडे आणि रानबैल निघाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जी. एल. बदाम यांच्यासारख्या माणसांनी आयुष्यभर ही हाडं मोजली, जुळवली. मी त्या डेक्कन कॉलेजच्या समोरून रोज ऑफिसला जात होतो. चार वर्षं.

आता भांडणाचा मुद्दा.

आपल्याकडे भूतकाळ म्हणजे सातबारा. त्यावर आपलं नाव आहे का, एवढंच आपण बघतो. खानदेश हे नाव कान्हदेशावरून आलं की फारुकी खानांवरून, यावर आमच्या ग्रुपवर वर्षातून दोनदा रण पेटतं. फारुकी राजवट १३८२ ची. म्हणजे सगळा वाद जेमतेम साडेसहाशे वर्षांचा. पाटण्याचा मणी त्याच्या जवळपास चाळीसपट जुना आहे, पण त्यावर कधी कुणाचं भांडण झालं नाही. का? कारण शहामृगावर कुणालाच हक्क सांगता येत नाही. तो कुणाच्या जातीचा नाही, धर्माचा नाही, कुळाचा नाही. त्याचा जयंतीउत्सव नाही, त्याचा पुतळा चौकात बसवता येत नाही, त्याच्या नावाने डीजे लावता येत नाही. घटोत्कच चालतो, कारण तो 'आपला' होऊ शकतो. फोटोतलं खोटं आपल्याला खुपत नाही. आपलं नाव उताऱ्यावर चढलं की झालं.

आणि हे फक्त नानांच्या पिढीचं नाही. आपण, जे स्वतःला विज्ञानवाले समजतो, काय वेगळं करतो? आपल्या स्टोरीला मॅमथ असतो, टी-रेक्स असतो, मेगाथेरियमचं रील असतं. सगळं आयात. नानांना भूतकाळात फक्त पूर्वज दिसतात, आपल्याला फक्त परदेश. नांदूर मधमेश्वरच्या हत्तीला दोघांच्याही फोनमध्ये जागा नाही.

आमच्या ऑफिसात एकाने यावर मला सुनावलं, "पण इतिहासाचा अभिमान असू नये का?" असू दे ना. मग पूर्ण घे. अद्वैत जुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० च्या सुमारास भारतीय उपखंडातल्या या नाहीशा झालेल्या प्राण्यांचा हिशोब मांडला. तो प्रचंड हत्ती, स्टेगोडॉन नावाचा हत्तीचा आणखी एक भाऊबंद, पाणघोडा, जुन्या घोड्याची एक जात, आणि शहामृग. अमेरिकेत जमिनीवरच्या स्लॉथसकट मोठी जनावरं धडाधड संपली. त्या मानाने आपल्याकडची पडझड कमी. पण जी गेली ती मोठ्या अंगाची होती, ती माणूस आल्यानंतर गेली, आणि हवामानाच्या बदलाशी त्याचा सरळ मेळ लागत नाही. म्हणजे बोट माणसाकडे जातं. आता बोला. पूर्वज म्हणून मिरवायचं असेल तर उताऱ्याच्या 'इतर हक्कां'त हा बोजाही चढवून घ्यावा लागेल. जमीन आमची आणि कर्ज शेजाऱ्याचं, असं तलाठीसुद्धा लिहून देत नाही.

याउलट बाजूही आहे आणि ती मला आवडते. आपल्याकडे हत्ती वाचला, गेंडा वाचला, गवा वाचला. जुकर आणि मंडळींचं म्हणणं असं की इथले प्राणी माणसासोबत फार आधीपासून राहिले, म्हणून त्यांना माणसाची सवय झाली होती. हा अभिमानाचा मुद्दा होऊ शकतो, तोही खरा. पण त्याचं पोस्टर मी आजवर बघितलेलं नाही.

नानांचा खरा आक्षेप मात्र वेगळाच होता, आणि तो मी इतका सहज उडवून लावू शकत नाही. भाऊबीजेच्या दिवशी ओट्यावर बसून ते म्हणाले, "बुराईला पाणी नाही. बोंडअळीने कापूस खाल्ला. आणि तू आम्हाला हाडं सांगतो." खरंय. शिंदखेडा हा टँकरचा तालुका. ज्याच्या विहिरीला तळ दिसतोय त्याला पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा पक्षी दाखवणं हा पोट भरलेल्यांचा चाळा वाटू शकतो.

पण नाना, शहामृग दाट जंगलातला पक्षी नाही. तो उघड्या, कोरड्या माळाचा. तो पाटण्यात होता याचा अर्थच हा की तेव्हा इथे तसे माळ होते. पंचवीस हजार वर्षांपूर्वी जगावर हिमयुग होतं आणि आपला मान्सून दुबळा पडला होता. त्या कोरड्या काळातही माणसं इथे राहिली. अंडं खाल्लं, टरफलाचा मणी केला. बाकी ठिकाणी तर अशा टरफलात पाणीही साठवतात. आफ्रिकेच्या कालाहारीत लोक अगदी अलीकडेपर्यंत अंड्याला भोक पाडून, पाणी भरून वाळूत पुरून ठेवायचे. दुष्काळाशी या जमिनीची ओळख आपल्या टँकरच्या कितीतरी आधीची आहे. यातून नानांच्या विहिरीला पाणी लागणार नाही, मला मान्य आहे. घटोत्कचामुळेही लागलं नव्हतं, पण तेव्हा त्यांनी हा प्रश्न विचारला नाही.

आणि एक गोष्ट तर आज, आत्ता घडतेय. अशी हाडं कुठे असतात? नदीच्या जुन्या खडीत, वाळूच्या खाली, काठाच्या कापात. नर्मदेची, गोदावरीची, मांजरेची हाडं अशाच थरांतून आली. आता मुडावदला जा, जिथे पांझरा तापीला मिळते, आणि रात्री अकरानंतर आवाज ऐका. ट्रॅक्टर. खानदेशातल्या नदीकाठच्या कुठल्याही गावात तो आवाज ओळखीचा आहे. वाळूबरोबर खडी जाते, खडीबरोबर त्यात जे असेल ते जातं, आणि पुण्या-नाशिकच्या फ्लॅटच्या स्लॅबमध्ये बसतं. मी राहतो ती बिल्डिंग कुठल्या नदीच्या वाळूची आहे, हे मी कधी विचारलेलं नाही. गडाचा एक चिरा हलला तर आपण मोर्चा काढतो, आणि काढावाच. नदीचा पन्नास हजार वर्षांचा थर एका रात्रीत उचलला जातो त्याला आपण 'पाच ब्रास' म्हणतो.

भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी मी गाडी काढली. नानांना म्हटलं, पाटणादेवीला जाऊ. देवीला ते नाही म्हणू शकत नाहीत. पुढे नाना, मागे ताई आणि भाचा. धुळं ओलांडून चाळीसगावपर्यंत नाना माझ्याशी थेट बोलले नाहीत. बोलायचं ते ताईमार्फत. "त्याला सांग, गाडी सावकाश चालव."

दर्शन झालं. देवळाच्या मागे डोंगर, सावली, माकडं. भाच्याने वहीत आधीच चित्र काढून आणलं होतं: एक शहामृग, त्याच्याशेजारी हत्ती, हत्तीएवढा स्लॉथही (तो इथला नाही असं सांगूनही त्याने काढलाच), आणि कोपऱ्यात पागोटं घातलेला एक माणूस. मी नानांना मॅस्टोडॉनची गोष्ट सांगितली. या वेळी पूर्ण. चित्र कुणी केलं, का केलं, आणि त्याच्या खाली खरा प्राणी कुठला होता. मीही कॉलेजात असताना तेच पाठवलं होतं, हेही सांगितलं. ते ऐकून ताई हसली. नाना हसले नाहीत. वही हातात घेऊन बघत राहिले.

"हा पागोट्याचा कोण?"

"तुम्ही," भाचा म्हणाला.

नानांनी वही लांब धरली, चष्मा वर केला. मग पहिल्यांदा थेट मला विचारलं, "या पक्ष्याचं अंडं केवढं असतं रे?"

म्हटलं, दीडेक किलोचं. कोंबडीची दोन डझन अंडी बसतील एवढं.

नाना माळकरी. अंड्याला हात लावत नाहीत. थोडा वेळ काहीतरी मोजत बसले.

"म्हणजे एका अंड्यात अख्खी पंगत उठली असेल," ते म्हणाले, आणि चित्राचा फोटो काढायला फोन भाच्याच्या हातात दिला.